हितेशच्या हळदीतले प्रोटॉन

माजिवड्यात माझ्या आवाजाची ख्याती आहे. मी अंगणात उभा राहून फोनवर बोललो की समोरच्या टॉवरमधली माणसं खिडक्या लावून घेतात, असं आमच्या हिचं म्हणणं. ही म्हणजे तुळसा, माझी बायको. तिचा आवाज माझ्यापेक्षा एक पट्टी वरच आहे, पण ते तिला सांगायची सोय नाही. लग्न झाल्यापासून आमच्या घरात सकाळचा चहा भांडणाशिवाय उकळलेला नाही. आळीला सवय झालीय. एखाद्या दिवशी आवाज नाही आला तर शेजारीण डोकावून जाते, दोघं बरे आहेत ना म्हणून.

तर मी काळुराम. आजोबा मिठागरात राबले, बापाने भात लावलं, आणि त्याच जमिनीवर आता गाळे उभे आहेत, त्यांचं भाडं मी घेतो. हातांना काम नाही म्हणून तोंड चालवतो. मला दोन पोरं. धाकटा हितेश, त्याचं लग्न ठरलं शहाडच्या जागृतीशी. आणि थोरली दक्षता. ती आमच्यावर अजिबात गेलेली नाही. हळू बोलते, कमी बोलते, आणि आम्ही दोघं पेटलो की पुस्तक घेऊन गच्चीवर जाते. अशी गच्चीवर जाऊन जाऊन ती एमएस्सी झाली आणि मग फिजिक्समध्ये पीएचडीला लागली. काय करते म्हणून कोणी विचारलं तर मी सांगायचो, मोठ्या मशीनवर आहे. समोरच्याला तेवढं पुरायचं, मलाही पुरायचं.

हळदीच्या आदल्या आठवड्यात ती फोन घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, व्हायवाची तारीख आली."

व्हायवा म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा. एवढी वर्षं घासली ती ह्याच एका दिवसासाठी. मी म्हटलं, "अरे वा, कधी आहे?"

"हळदीच्या दिवशी. संध्याकाळी."

मी जे ओरडलो ते माजिवडा नाक्याच्या सिग्नलवर ऐकू गेलं असेल. आमच्या आगरी लोकांत हळद म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. लग्नाला एक वेळ माणूस चुकेल, हळदीला नाही चुकत. आणि दक्षता करवली, नवऱ्याची सख्खी बहीण, ती मांडवात नाही म्हणजे काय? मी म्हटलं, "त्यांना सांग पुढे ढकला. परीक्षा कुठे पळून चालली नाही."

"नोकरी पळून चाललीय," ती शांतपणे म्हणाली. परीक्षा घेणाऱ्या भावना मॅडम मूळच्या पुण्याच्या, पण राहतात जर्मनीत. त्यांना तेवढा एकच दिवस मोकळा होता, त्यानंतर दोन महिने त्या सापडणार नव्हत्या. आणि जिनिव्हाला, जिथे ते मोठं मशीन जमिनीखाली आहे, तिथे दक्षताला जागा मिळालेली. पण महिनाअखेरपर्यंत व्हायवा पास झाल्याचा कागद पोचला तर. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्याला. परीक्षा लॅपटॉपवरच द्यायची होती, घरात बसून.

"तासाभराचा प्रश्न आहे," तुळसा आतून म्हणाली. "तेवढा वेळ डीजे बंद ठेवा."

"माझ्या मांडवात डीजे बंद? मयत झालंय का कोणाचं?"

"तुमचं तोंड बंद झालं तरी निम्मं काम होईल."

मग जे व्हायचं ते झालं. दक्षता गच्चीवर गेली. रात्रीच्या जेवणापर्यंत मी हरलेलो होतो. कोणाला सांगू नका, पण मला हरायचंच होतं. पोरीची एवढ्या वर्षांची मेहनत माझ्या डीजेपायी बुडाली असती तर मी पुन्हा आरशात बघितलं नसतं.

दोन दिवसांनी मागच्या पडवीत बाया लसूण सोलत बसलेल्या. मध्ये हौसाबाई, आमच्या आळीची धवलारीण. आमच्याकडे लग्नाचा प्रत्येक विधी गाऊन लावतात, आणि ती गाणी, म्हणजे धवले, जिच्या तोंडी असतात ती धवलारीण. हौसाबाईच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. तिने दक्षताला धरलं. "गो पोरी, ही परीक्षा कसली हाय ती तरी सांग. आमचा डीजे बंद करतंस, मंग आम्हाला कळायला नको?"

मी दाराआड फोन कानाला लावून उभा राहिलो. फोनवर कोणी नव्हतं.

"प्रोटॉन म्हणून एक बारीक कण असतो, आजी," दक्षता म्हणाली. "आपण सगळे ज्याचे बनलोय त्यातला. तिथे ते दोन प्रोटॉन भन्नाट वेगाने समोरासमोर आदळवतात. मग त्यातून पुष्कळ कण उडतात. बहुतेक नेहमीचे. पण काही असतात विचित्र. म्हणजे त्यांचं नावच तसं पडलंय, स्ट्रेंज."

"विचित्र म्हंजे कसे?"

"जन्मतात एका झटक्यात, पण मरायला वेळ लावतात. बाकीच्यांच्या मानाने हां. जन्मले तिथून वीतभर लांब जातात आणि मग फुटून त्यांचे दोन होतात, असे." तिने दोन बोटं फाकवून दाखवली. "विचित्र कण स्वतः दिसतच नाही. आपल्याला दिसतात ही दोन बोटं. ती उलटी मागे नेत नेत आम्ही ओळखतो, की इथे तो होता."

बाया सोलायच्या थांबल्या. दक्षताने एक लसणीची पाकळी उचलली आणि पुढे सांगायला लागली. "आता बघा. हळदीला पन्नास माणसं आली, त्यात विचित्र एक. शंभर आली तर किती?"

"दोन," माझी वहिनी म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटायचं. पण तसं होत नाही. एका टकरीतून जितकी जास्त गर्दी उडते, तितका विचित्रांचा वाटाच वाढतो. शेकडा काढला तरी जास्त निघतात. आणि जो जितका जास्त विचित्र, तो तितका जास्त वाढतो. मोठाल्या अणूंच्या टकरीत हे होतं ते माहीत होतं, पण साध्या दोन प्रोटॉनांतसुद्धा होतं. ते का, त्यातला एक लहानसा तुकडा मी सोडवलाय."

हौसाबाईने लसूण पाटीत टाकली. "त्यात नवल ते काय? आपल्या हळदीला येऊन बघायचं होतं त्यांनी. गर्दी वाढली का येडे जास्तच वाढतात."

पडवी हसली, दक्षता सगळ्यात जास्त हसली. मी दाराआडून हललो, कारण मलाही हसू आलं आणि फोनवर कोणी नसताना हसणं बरं दिसत नाही.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारपासून पाहुणे यायला लागले. उरण-अलिबागची मंडळी एसटीने खोपटला उतरून रिक्षा करून येत होती, भिवंडीवाले टेम्पो भरून आले. माझा पुतण्या मितेश, डीजे त्याचाच, त्याने मांडवात एक मजला उंचीचा स्क्रीन उभा केलेला, स्वतःचा जनरेटर आणलेला, आणि हळद यूट्यूबवर लाईव्ह दाखवायला इंटरनेटची वेगळी तार थेट मांडवापर्यंत ओढलेली. हल्ली लाईव्ह नसेल तर हळद झाली असं कोणी धरत नाही. हौसाबाईने धवला लावला, हितेशला पाटावर बसवलं, आणि पहिल्या हळदीनंतर बायांनी करवलीला पण सोडली नाही. दक्षताचे दोन्ही गाल, कपाळ, कान, सगळं पिवळं. तशीच ती वरच्या खोलीत परीक्षेला जाऊन बसली.

मी माईक हातात घेतला. "मंडळी, माझ्या पोरीची परीक्षा सुरू होतेय. आता तासभर मांडवात आवाज नको. डीजे बंद, बेंजो बंद, गप्पा बंद. ज्याच्या मोबाईलची रिंग वाजेल त्याच्या ताटात मटणाचा फक्त रस्सा पडेल."

आईशपथ, अख्खा मांडव चिडीचूप झाला. आमच्या लोकांना पोलिसांनी गप्प करून दाखवावं, जमणार नाही. मटणाने जमतं.

आणि दहाच मिनिटांत लाईट गेली. मुहूर्ताचा दिवस, आळीत तीन मांडव, तिघांच्याही माळा, तिघांचेही कूलर, आमच्याच हौसेने लाईन बसली. मांडवात मितेशचा जनरेटर चालू होता, त्यामुळे आम्हाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा जिन्यावरून दक्षता धावत येत होती, अनवाणी, लॅपटॉप छातीशी धरून.

"पप्पा, वायफाय गेलं. लिंक तुटली. मोबाईलला रेंज आहे पण नेट चालत नाहीये."

कुठून चालणार? हजार माणसं हळदीचे व्हिडिओ पाठवत होती. तिचा चेहरा हळदीखालीसुद्धा पांढरा पडलेला मला दिसला. मला एकच दिसत होतं, ती जर्मनीतली बाई घड्याळ बघतेय आणि उठून निघतेय.

"काका, माझी तार आहे ना," मितेश म्हणाला. "लाईव्हवाली. दक्षता, स्टेजवर ये, लाव इथे."

हितेशला पाटावरून उठवला. नवरा मुलगा, अंगभर हळद, उघडाबंब, तो बिचारा बाजूला उकिडवा बसला आणि बहिणीसाठी पाट पुढे सरकवला. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला, मितेशने तार खोचली, आणि मांडवातल्या त्या भल्यामोठ्या स्क्रीनवर भावना मॅडम अवतरल्या. पिकलेले केस, गळ्यात बारीक मोत्यांची माळ. शेजारी लहान चौकोनात दक्षताचे गाईड सर. स्क्रीन बंद करायचं मितेशला घाईत सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा बंद करायची कोणाची छाती झाली नाही. न जाणो, तार हलायची.

मॅडम चष्मा सारखा करून बघत राहिल्या. "दक्षता, तुमच्या मागे ही एवढी मंडळी कोण?"

"मॅडम, भावाची हळद आहे. घरचं नेट गेलं, म्हणून मांडवातून बोलतेय. सॉरी."

मॅडम हसल्या. "सॉरी कशासाठी? ही परीक्षा नियमाने सर्वांना खुलीच असते. आजवर चार माणसांपेक्षा जास्त कधी पाहिली नव्हती, इतकंच. करा पुन्हा सुरुवात."

ती इंग्रजीत बोलायला लागली. शब्द माझ्या डोक्यावरून जात होते, पण चित्रं समोर होती. एका ठिपक्यातून चहूकडे उडालेल्या रंगीत रेघा, आणि त्यात ठिपक्यापासून जरा लांब, मधूनच फुटलेली दोन बोटं. माझ्या मागे बाया कुजबुजल्या, "ती बघ, ती बघ, दोन बोटं." पडवीतल्या सगळ्या जणींनी ओळखली. पुढे एक चढती रेघ आली. चढती रेघ बघितली की आमच्या लोकांना जमिनीचा भाव आठवतो, मागून एक म्हातारा समाधानाने "हूं" म्हणाला. मी वळून बघितलं, तो गप्प झाला.

मग मॅडमचे प्रश्न सुरू झाले. पहिल्या तीन-चारांना तिने पटापट उत्तरं दिली. पाचव्याला ती अडली. खाली बघत राहिली. मांडवात नुसता जनरेटर ऐकू येत होता. तुळसा माझ्या बाजूला होती, तिने माझं मनगट धरलं ते असं की बांगड्या रुतल्या. दोघं एका शब्दाशिवाय एवढा वेळ शेजारी उभे आहोत, असं कधी झालं असेल तर मला आठवत नाही. मग दक्षताने मान वर केली, एक जुनं चित्र पुन्हा काढलं, त्याच्यावर बोट ठेवून बोलत गेली, बोलत गेली, आणि मॅडमनी हळूहळू मान हलवली. तुळसाने माझा हात सोडला.

"माझे प्रश्न संपले," मॅडम मराठीत म्हणाल्या. "आता उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का?"

मांडव गप्प. मी दम दिलेला, कोण बोलणार?

पण गप्प राहून चालणार नव्हतं. आमच्या आळीची रीत अशी, की सोयरीक ठरताना समोरच्या पक्षाने मांडवात विचारलं, कोणाचं काही म्हणणं आहे का, तर घरच्या माणसाने उठून बोलायलाच लागतं. काहीही बोला, पण बोला. मांडव गप्प राहिला तर त्याचा अर्थ एकच, ह्यांच्या मनात काहीतरी आहे, सोयरीक मान्य नाही. आणि इथे ती बाई एवढ्या अदबीने विचारतेय, आणि माझ्या पोरीच्या बाजूने एक माणूस उठत नाही. मला वाटलं, झालं, आता पोरीला नापास करतात.

मी उठलो. माईक माझ्याच हातात होता. दक्षताने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. परीक्षेत अडली तेव्हासुद्धा ती एवढी घाबरली नव्हती.

"नमस्कार मॅडम. मी काळुराम, हिचा बाप. एक विचारतो."

"अवश्य विचारा."

विचारायचं काय, ते उठेपर्यंत ठरवलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि जे आत होतं ते बाहेर आलं. "दक्षता, तू त्या दिवशी बायांना सांगत होतीस, प्रोटॉन आपण बनलोय त्यातलाच, साधा. मग त्याच्यात हा विचित्र असतो का गं?"

"घरचा म्हणावा असा नसतो, पप्पा."

"ह्या प्रोटॉनमध्ये नाही, त्या प्रोटॉनमध्ये पण नाही?"

"नाही."

"आपल्यात म्हणतात, खाण तशी माती. मग ना ह्या खाणीत, ना त्या खाणीत, तर तो आला कुठून?"

आणि हे विचारताना मी स्क्रीनकडे नाही, दक्षताकडेच बघत होतो. कारण मी प्रोटॉनचं विचारतच नव्हतो. माझ्या घरात सातवीच्या पुढे कोणी नाही, तुळसाच्या माहेरी शाळेचं तोंड बघितलेलं माणूस शोधावं लागेल. आणि ही पोरगी, पाटावर मांडी घालून जर्मनीतल्या बाईला इंग्रजीत समजावतेय की दुनिया कशाची बनलीय. ही कुठून आली? एवढी वर्षं हेच विचारायचं होतं मला, आणि कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं.

तिला समजलं. तिने लॅपटॉप खाली ठेवला.

"कोणाकडूनच येत नाही, पप्पा. दोन्ही घरांत नसतो. पण ते दोघं इतक्या जोरात आदळतात, की त्या आदळण्यात जी ताकद असते, तिच्यातूनच नवीन जन्माला येतं. आधी कुठेच नसलेलं."

"आणि हळू आदळले तर?"

"हळू आदळले तर काही नवीन होत नाही." ती आता हसत होती. "टक्कर जोरातच लागते."

तेवढ्यात हौसाबाईचा आवाज आला, मांडवाच्या त्या टोकापर्यंत पोचेल असा. "काळू, म्हंजे तुमची दोघांची भांडणं फुकट नाय गेली."

मटण गेलं खड्ड्यात, मांडव फुटला. हसून हसून माणसं खुर्च्यांवरून घसरली. तुळसाने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. स्क्रीनवर मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या, आणि गाईड सर म्हणाले की इतक्या वर्षांत खुल्या व्हायवात बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारलेला ते पहिल्यांदा बघताहेत, बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. म्हणजे मी नसतो उठलो तरी चालत होतं. असू दे.

मग दोघं निर्णय घ्यायला स्क्रीनवरून गेले. मोठा काळा पडदा तेवढा राहिला. हसणं आपोआप विरलं. एवढी माणसं, पोरंटोरं, ढोलवाले, वाढपी, सगळे त्या काळ्या पडद्याकडे टक लावून. दक्षता पाटावर गुडघे मिटून बसलेली. हितेशने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या ब्लाऊजवर पाच पिवळी बोटं उमटली.

मॅडम परत आल्या. त्यांनी दक्षताकडे नाही बघितलं, सगळ्या मांडवाकडे बघितलं. "आम्ही एकमताने शिफारस करतो आहोत. अभिनंदन, डॉक्टर दक्षता. कागद आजच निघेल."

एवढं झालं तरी कोणी ओरडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. हळद माझ्या घरची, डीजे मी बंद केलेला, सुरू करायचा तर शब्द माझा लागणार. मी माईक तोंडाशी नेला. तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली.

"द्या इकडे," तुळसा म्हणाली आणि तिने माईक ओढून घेतला. "एक शब्द सांगायचा तर..." आणि तिचाही आवाज तिथेच अडकला. माईक हातात धरून ती नुसती रडायला लागली. माजिवड्यातले दोन सगळ्यात मोठे आवाज, दोन्ही बंद. हजार माणसं वाट बघताहेत, मॅडम जर्मनीतून विचारताहेत की सगळं ठीक आहे ना.

तेव्हा दक्षता पाटावरून उठली. आमच्या घरात हळू बोलणारी, भांडण लागलं की गच्चीवर जाणारी. ती स्टेजच्या कडेला आली. तिने माईक मागितला नाही. दोन्ही हात वर केले आणि मांडवाच्या शेवटच्या खांबाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मितेश, वाजव."

आईशपथ सांगतो, तो आवाज आमच्या दोघांच्याही वरचा होता.